क्रिकिएथचा वकील : ऑडिओ मालिकेच्या कामाच्या नोंदी

१ जून २०२५
आज रविवार, कोर्टाला सुट्टी चालूच आहे, म्हणून शेवटी वही उघडली. बरेच दिवस डोक्यात होतं ते आता कागदावर : डेव्हिड लॉइड जॉर्जवर मराठीत ऑडिओ मालिका, सहा भाग, प्रत्येक भाग वीसेक मिनिटांचा, आमच्या तालुका बारमधल्या ज्युनिअर पोरांसाठी आणि त्यांच्यासारख्या बाकीच्यांसाठी. दर वर्षी दोन-तीन पोरं येतात, हुशार असतात, आणि सहा महिन्यांत त्यांचा चेहरा पडतो की तालुक्यात राहून काय होणार, बांधाचे दावे आणि पोटगीच्या तारखा. त्यांना मला हा माणूस ऐकवायचाय. लहान गावातला सॉलिसिटर, मामाच्या घरातल्या मागच्या खोलीत ऑफिस उघडलेला, तो पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटनचा पंतप्रधान झाला. आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकात तो एखाद्या ओळीत येऊन जातो, तेवढंच.

३ जून
भाग १ चा कच्चा मजकूर. जन्म १७ जानेवारी १८६३, मँचेस्टरमध्ये. वडील विल्यम जॉर्ज शाळामास्तर, पोरगा दीड वर्षाचाही नव्हता तेव्हा न्यूमोनियानं गेले. आई एलिझाबेथ, पदरात एक मुलगी, हा डेव्हिड, आणि तिसरं पोटात. तिनं भावाला कळवलं आणि भाऊ रिचर्ड लॉइड उत्तर वेल्समधल्या लानस्टिमद्वी गावाहून येऊन सगळ्यांना आपल्या घरी घेऊन गेला. हा मामा चपला-बूट शिवणारा, आणि रविवारी छोट्या चॅपलमध्ये बिनपगारी प्रवचन करणारा. लग्न केलं नाही, बहिणीची पोरं वाढवली.
या मामावर मी जास्त वेळ देणार आहे, ठरलं. भाच्याला वकील करायचं तर प्रवेश परीक्षेला लॅटिन आणि फ्रेंच लागायचं, शिकवायला कोणी नाही, मग मामा आधी स्वतः व्याकरणाची पुस्तकं घेऊन बसायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच पोराला शिकवायचा. दिवसभर हातात आरी आणि दोरा, रात्री लॅटिनची रूपं. हे वाचताना मला आमचे मामा आठवले, त्यांनी माझ्या एलएलबीच्या फीसाठी शेळ्या विकल्या होत्या. ते मालिकेत नाही घालणार, इथे लिहून ठेवतो.

८ जून
आज फक्त नावांचे उच्चार. वेल्श भाषेत दोन एल एकत्र आले की जिभेच्या कडेनं हवा सोडून एक आवाज काढतात, तो आपल्याकडे नाहीच, म्हणून साधा ल धरला. लानस्टिमद्वी, क्रिकिएथ, पोर्थमॅडॉग, पुल्हेली, लानव्रॉथन. एका वेल्श बाईंचं रेकॉर्डिंग दहा वेळा ऐकलं. ही मेहनत गरजेची आहे कारण त्या माणसाची घरची भाषाच वेल्श होती, इंग्रजी नंतर शिकलेली, आणि शाळा मात्र इंग्रज चर्चची, घरचा पंथ वेगळा. शाळेत सरकारी तपासणीला आलेल्या साहेबांसमोर पोरांनी चर्चचा क्रीड, म्हणजे श्रद्धेचं वचन, म्हणायचा असायचा. डेव्हिडनं वर्गातल्या पोरांना पढवून ठेवलं की कोणी तोंड उघडायचं नाही. हेडमास्तर पुन्हा पुन्हा विचारतायत आणि वर्ग गप्प. शेवटी मास्तरांची दया येऊन एका पोरानं म्हटलं, "क्रेडाव", म्हणजे माझी श्रद्धा आहे. तो पोरगा म्हणजे डेव्हिडचा सख्खा धाकटा भाऊ विल्यम. वडील गेल्यावर जन्मलेला तो.

१४ जून
कोर्ट चालू झालं, आता संध्याकाळचाच वेळ. भाग २ : सॉलिसिटर म्हणजे काय हे आपल्या पोरांना आधी नीट सांगावं लागेल. तिकडे बॅरिस्टर वेगळा, सॉलिसिटर वेगळा. पक्षकार भेटणार सॉलिसिटरला, कागदपत्रं, खतं, मृत्युपत्रं, वसुली सगळं तो करणार, वरच्या कोर्टात उभं राहणार बॅरिस्टर. पण काउंटी कोर्टात आणि मॅजिस्ट्रेटपुढे सॉलिसिटरला बोलता यायचं. म्हणजे आपल्या तालुक्याच्या वकिलासारखंच, सकाळी ऑफिसात खरेदीखत आणि दुपारी कोर्टात उलटतपास. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साईडमुळे सॉलिसिटर शब्द आपल्याला माहीत आहे पण त्यातून डोळ्यांसमोर फोर्टमधली मोठी ऑफिसं येतात. इथे तसं चित्र नको.
पोर्थमॅडॉगच्या एका फर्ममध्ये पंधराव्या-सोळाव्या वर्षी उमेदवारी सुरू. १८८१ मध्ये परीक्षेसाठी लंडनला गेला तेव्हा पार्लमेंटची इमारत बघून डायरीत लिहिलं की विल्यम द कॉन्करर, इंग्लंड जिंकणारा राजा, जसा इंग्लंडकडे बघत असेल तसं मी या सभागृहाकडे बघितलं. वय अठरा, खिशात पैसे नाहीत. १८८४ ला पास, १८८५ ला जवळच्या क्रिकिएथ गावात स्वतःची पाटी.

२१ जून
आजचा दिवस सगळा लानव्रॉथनच्या केसवर. या एका केसला पूर्ण भाग द्यायचा, कितीही लांबला तरी.
१८८८ चा एप्रिल. रॉबर्ट रॉबर्ट्स नावाचा दगडाच्या खाणीतला म्हातारा कामगार वारला. इच्छा एवढीच की लेकीच्या शेजारी पुरा, आणि विधी आमच्या पंथाचे करा. १८८० च्या कायद्यानं तो हक्क दिलेला होता, गावच्या चर्चच्या स्मशानभूमीत दुसऱ्या पंथाचे विधी करता येतात. पण जमिनीची भानगड होती आणि ती भानगड वाचताना मला वाटलं आपल्याच तालुक्यातली फाईल उघडली. १८६४ मध्ये एका बाईंनी स्मशानभूमीला लागून एक तुकडा दिला, कागद काही नाही, नुसता शब्द. गावानं त्याला भिंत घातली, आत मयतं पुरायला लागले. मग नवा कायदा आल्यावर, १८८१ मध्ये, तिथल्या रेक्टरनं, म्हणजे चर्चच्या पाद्र्यानं, त्या बाईंकडून रीतसर खत करून घेतलं आणि त्यात अट टाकली की या तुकड्यात फक्त आमच्याच चर्चचे विधी होणार. आणि म्हाताऱ्याला जागा दाखवली ती एका कोपऱ्यातली, जिथे आत्महत्या केलेल्यांना आणि बेवारशांना पुरायचे.
घरचे लोक पंचवीस वर्षांच्या वकिलाकडे आले. त्यानं सल्ला दिला : जा, फाटकाला कुलूप असेल तर तोडा, आणि लेकीशेजारी पुरा. तसंच केलं. रेक्टरनं दावा ठोकला. बचाव असा की गावाचा कब्जा १८६४ पासून उघड आहे, मूळ मालकाला हक्क सांगायची बारा वर्षांची मुदत केव्हाच संपली, मग ८१ साली बाईंकडे द्यायला राहिलंच काय होतं? आपल्या मुदत कायद्यातली अनुच्छेद ६५ ची बारा वर्षं ज्याला माहीत आहेत त्याला हे समजवावं लागणार नाही. मागच्या वर्षी माझ्याकडे असंच होतं, तीस वर्षांपूर्वी तोंडी दिलेला स्मशानाचा रस्ता आणि आता नातवानं तार घातलेली.
ज्युरीनं कौल दिला घरच्यांच्या बाजूनं. पण काउंटी कोर्टाच्या जज्जनी तो कौल नीट नोंदवलाच नाही आणि निकाल दिला रेक्टरच्या बाजूनं. अपील लंडनला, लॉर्ड चीफ जस्टिस कोलरिजपुढे, डिसेंबर १८८८, आणि निकाल फिरला. सगळ्या वेल्समध्ये नाव झालं. ज्युनिअर पोरांना मी हेच सांगणार आहे की बाबांनो, रोजनामा, म्हणजे कोर्टाची त्या दिवसाची नोंद, वाचा, त्याच दिवशी वाचा, नक्कल मागा.

२४ जून
त्याच भागाला जोडून छोटा प्रसंग. नानट्लच्या तळ्यात जाळं टाकून मासे धरले म्हणून चार खाण कामगारांवर खटला, मॅजिस्ट्रेट सगळे जमीनदार. हा म्हणाला कायद्यात नदी लिहिलंय, तळं कुठंय? अध्यक्ष म्हणाले ते वरचं कोर्ट ठरवेल. हा म्हणाला, हो साहेब, आणि ते कोर्ट निःपक्षपाती असेल. कोणाबद्दल बोलताय विचारलं तर, खास करून तुमच्याबद्दलच. मॅजिस्ट्रेट उठून बाहेर गेले. हे रेकॉर्ड करताना नाट्य करायचं नाही, साधं सांगायचं.

६ जुलै
भाग ३, निवडणूक. मध्ये १८८८ च्या जानेवारीत लग्न, मार्गारेट ओवेन, सधन शेतकऱ्याची मुलगी, तिच्या वडिलांना हा जावई पसंत नव्हता. १८८९ मध्ये नव्या काउंटी कौन्सिलवर आल्डरमन, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारखं. मग १० एप्रिल १८९०, कर्नारव्हन बरोजची पोटनिवडणूक. समोर उमेदवार कोण, तर त्याच्याच गावचा जमीनदार एलिस नॅनी, ज्याच्या इस्टेटीत पोरं लहानपणी लाकडं गोळा करायची तो. मतं १९६३ आणि १९४५. अठरा मतांनी आला. आणि तो मतदारसंघ पुढे १९४५ पर्यंत, पंचावन्न वर्षं, त्याच्याकडेच.

१३ जुलै
आज थांबलो. भाग ३ चं पुढचं पान लिहिताना हात अडकला आणि कारण मला माहीत आहे.
त्या काळी खासदाराला पगार नव्हता. एक पैसाही नाही. लंडनला राहायचं, बायको-पोरं क्रिकिएथला, रेल्वेचं भाडं, कपडे, सगळं कुठून? ऑफिसमधून. आणि ऑफिस चालवत होता विल्यम, वर्गात क्रेडाव म्हणालेला तोच. तो १८८७ ला सॉलिसिटर झाला आणि भाऊ लंडनला गेल्यापासून क्रिकिएथचं ऑफिस, पक्षकार, घर, म्हातारा मामा, आई, बहीण, सगळं त्याच्या अंगावर. डेव्हिड लंडनहून पत्रं लिहायचा, भाषण कसं झालं, कोण काय म्हणालं, आणि सोबत पैशांची गरज. १८९२ मध्ये पॅटागोनियातल्या सोन्याच्या खाणीच्या नादाला लागून पैसे बुडवले, ते ओझंही घरावरच. पुढे १८९७ पासून लंडनला एक भागीदार घेऊन स्वतःची प्रॅक्टिस केली, तरी घरचा आधार सुटला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाला विरोध केला तेव्हा १८ डिसेंबर १९०१ ला बर्मिंगहॅमच्या टाऊन हॉलवर जमाव चालून आला आणि त्याला पोलिसाचा गणवेश चढवून बाहेर काढावं लागलं, आणि इकडे त्या रागापायी गावातले पक्षकार विल्यमचं ऑफिस सोडून जायला लागले.
दादा आणि मी एकाच टेबलावर प्रॅक्टिस सुरू केली होती. २०१२ ला दादा जिल्हा परिषदेला उभा राहिला, निवडून आला, आणि तेव्हापासून त्याच्या फाईल माझ्याकडे आहेत. तक्रार म्हणून लिहीत नाहीये. दादानं तालुक्यात तीन बंधारे आणि एक ग्रामीण रुग्णालय खेचून आणलंय, मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी चारचौघांत सांगतो. पण त्याच्या पक्षकाराची तारीख मी सांभाळतो तेव्हा त्या पक्षकाराच्या तोंडी नाव दादाचंच असतं, आणि ते कसं असतं हे मला पुस्तकात वाचावं लागत नाही.
आज एकही ओळ पुढे गेली नाही.

२० जुलै
रेकॉर्डिंग भाग १ आणि २. ऑफिसच्या मागच्या खोलीत कपाटं दोन्ही बाजूला ओढून वरून गोधड्या टाकल्या, फोन स्टँडला लावला. पत्र्यावर पाऊस आला की थांबायचं. दुपारी दोन ते चार काहीच जमलं नाही, रात्री साडेदहानंतर उघडलं आणि दीड वाजेपर्यंत दोन्ही भाग झाले. बाहेर बेडकं ओरडतायत ती थोडी ऐकू येतात, राहू दिली.

२७ जुलै
भाग ४. इथे माणूस खरंच मोठा होतो आणि मला ते मनापासून सांगायचंय. १९०५ ला व्यापार खात्याचा मंत्री, १९०७ ला रेल्वेचा संप होणार होता तो दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून मिटवला. ही पद्धत कुठली? तालुका कोर्टाच्या व्हरांड्यातली. वादी इकडच्या बाकावर, प्रतिवादी तिकडे, वकील मध्ये फिरतोय. १९०८ ला अर्थमंत्री. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन, पोस्टात मिळणारी. मग २९ एप्रिल १९०९ चं बजेट, जमिनीवर आणि मोठ्या उत्पन्नावर कर, साडेचार तासांच्या आसपास भाषण. उमरावांच्या सभागृहानं ते ३५० विरुद्ध ७५ मतांनी फेटाळलं, त्यावरून १९१० मध्ये दोन निवडणुका झाल्या आणि १९११ ला उमरावांचा नकाराधिकारच कापला गेला.
त्याच १९११ मध्ये राष्ट्रीय विमा कायदा. कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन, म्हणजे चार देऊन नऊचा लाभ, आजारपणात पैसे आणि डॉक्टर. कल्पना १९०८ मध्ये जर्मनीला जाऊन पाहून आलेली. आणि त्याच वर्षी आणखी एक गोष्ट जी बहुतेक लोक एका वाक्यात उडवतात : खासदारांना वर्षाला ४०० पौंड पगार सुरू केला. मंत्री होईपर्यंतची पंधरा वर्षं भावाच्या कमाईच्या आधारावर खासदारकी केलेल्या माणसानं तो पगार आणला. हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा तसंच ठेवलं.

३ ऑगस्ट
भाग ५ मध्ये भारत येणार आणि इथे मला सैल सोडायचं नाहीये. ७ डिसेंबर १९१६ ला पंतप्रधान. १९१७ ची भारतमंत्री माँटेग्यूची घोषणा, १९१९ चा सुधारणा कायदा, आणि १३ एप्रिल १९१९ चं जालियनवाला, सगळं याच्या काळात. टिळक तेव्हा लंडनलाच होते, चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या दाव्यासाठी. दावा हरले. पॅरिसच्या शांतता परिषदेला जायला त्यांना पासपोर्ट दिला नाही, मग त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमन्सो यांना पत्र लिहून भारताची बाजू मांडली. परिषदेत भारताच्या नावानं बसले माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा आणि लॉर्ड सिन्हा.
आणि २ ऑगस्ट १९२२ चं भाषण, आयसीएस, इंग्रज सरकारची भारतातली सनदी सेवा, म्हणजे या सगळ्या इमारतीचा पोलादी सांगाडा, तो काढता येणार नाही. स्वतः लहान मुलखातला, स्वतःची भाषा दुसरी, शाळेत क्रीड म्हणायला नकार दिलेला. त्याला हे कळायला हवं होतं. मी असंच म्हणणार आहे मालिकेत, कोणाला राग आला तरी चालेल.

१० ऑगस्ट
युद्धावर फार वेळ नाही, त्यावर खूप आहे लोकांकडे. १९१५ ला शस्त्रास्त्र खातं नव्यानं उभं केलं एवढं घेतो, आणि १९१८ च्या कायद्यानं तीस वर्षांवरच्या बऱ्याच बायकांना मत मिळालं ते. मामा रिचर्ड लॉइड फेब्रुवारी १९१७ मध्ये गेला, म्हणजे भाचा पंतप्रधान झालेला त्यानं बघितला, ते मात्र सावकाश सांगायचं.
आयर्लंड घ्यायचंय. आधी याच्याच सरकारनं तिथे ब्लॅक अँड टॅन्स नावाचे पोलिस सोडले, जाळपोळ झाली. मग ५ डिसेंबर १९२१ च्या रात्री आयरिश शिष्टमंडळासमोर दोन पाकिटं धरली, एकात समझोता, एकात युद्ध, कोणतं पाठवू ते आत्ता सांगा. पहाटे दोननंतर सह्या झाल्या. तडजोड घडवण्याची तीच हातोटी, पण व्हरांड्यात आपण पक्षकाराला तुरुंगाची भीती घालून सही घेत नाही, घेऊ नये. हा भाग लिहिताना मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा भीती वाटली.

१७ ऑगस्ट
भाग ६, उतार. १९१२ चं मार्कोनी प्रकरण मागून इथे आणलं : बिनतारी संदेशाचं सरकारचं कंत्राट इंग्लिश मार्कोनी कंपनीला आणि मंत्र्यांकडे अमेरिकन मार्कोनीचे शेअर, पार्लमेंटनं सोडून दिलं. मग पंतप्रधान असताना पदव्या विकून फंड गोळा केल्याचं प्रकरण, त्यातून १९२५ ला वेगळा कायदाच आला. १९ ऑक्टोबर १९२२ ला कार्लटन क्लबमध्ये त्याच्या आघाडी सरकारातल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या खासदारांनी साथ सोडली आणि हा पायउतार. वय एकोणसाठ. त्यानंतर बावीस वर्षं जगला, मंत्रिपद परत नाही. १९३६ ला हिटलरला भेटून आला आणि भारावून आला, तेही सांगणार. सेक्रेटरी फ्रान्सिस स्टीव्हन्सनबरोबर तीस वर्षांचं दुसरं घर, मार्गारेट क्रिकिएथला. ती १९४१ ला गेली, १९४३ ला त्यानं फ्रान्सिसशी लग्न केलं. यावर चवीनं बोलायचं नाही, मार्गारेटनं मतदारसंघ सांभाळला हे मात्र बोलायचं.
२६ मार्च १९४५ ला लानस्टिमद्वीतच गेला. द्वीफोर नदीच्या काठी पुरलंय, वर एक मोठा धोंडा. मामाचं घर तिथून जवळच.

२२ ऑगस्ट
दादा ऑफिसात आला होता, सहीच्या कामाला. भाग २ ऐकवला. स्मशानाच्या फाटकापाशी हसला, म्हणाला, "हा तुझा दावा आहे की काय रे?" मग फोन आले, गेला. जाताना दारात थांबून म्हणाला, "तिसरा कधी करणार?" मी म्हटलं, "करतोय, दादा."

२४ ऑगस्ट
गणपती तीन दिवसांवर, त्याआधी संपवायचं म्हणून पाच भाग सलग ऐकले, भाग ३ फक्त कागदावर आहे. ऐकताना लक्षात आलं की मी सगळीकडे "धाकटा भाऊ" म्हणतोय. शाळेत धाकट्या भावानं, ऑफिसात धाकटा भाऊ. नाव मोजलं, पाच भागांत दोनदा.
विल्यम जॉर्ज. जन्म १८६५, मृत्यू १९६७. एकशे एक वर्षं जगला, म्हातारपणीही वकिली चालूच होती. भावाची पत्रं त्यानं जपली, ती आता वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि नव्वदी उलटल्यावर भावावर पुस्तक लिहिलं. त्याचा मुलगाही सॉलिसिटर झाला.
भाग १ आणि ४ मधली ती वाक्यं उद्या पुन्हा रेकॉर्ड करणार, नाव घेऊन. आणि भाग ३ ची सुरुवात बदलली. अठरा मतांपासून नाही, १० एप्रिल १८९० नंतर क्रिकिएथच्या ऑफिसात दुसऱ्या खुर्चीवर कोण बसलं तिथून. सकाळची वेळ, भाऊ लंडनच्या गाडीत, बाहेर बाकावर पक्षकार आलेत, आणि विल्यम पहिल्याला आत बोलावतोय. रात्री पाऊस थांबला तर आजच घेतो.